खापर कारागिराच्या माथी

गेम रद्द करणं हा गुन्हा नाही. ज्याने पैसा लावला त्याला तो थांबवण्याचा हक्क आहे, आणि अर्धीकच्ची वस्तू पूर्ण किमतीला लोकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा ती वेळीच थांबवणं केव्हाही बरं. माझं भांडण रद्द करण्याशी नाही, रद्द केल्यानंतर जे घडतं त्याच्याशी आहे. वेळ किती द्यायचा, माणसं किती नेमायची, पैसा किती ओतायचा आणि तारीख कोणती जाहीर करायची, हे ठरवणारे पडद्याआड राहतात. त्या तुटपुंज्या वेळात ज्यांनी काही उभं करून दाखवलं, त्यांचं काम मात्र फसलेलं म्हणून चव्हाट्यावर मांडलं जातं. निर्णय एकाचा आणि बेअब्रू दुसऱ्याची, ही या धंद्याची रीत झाली आहे. ती रीत मला मान्य नाही, आणि दोन प्रकरणांच्या आधारे मी ती का मान्य नाही ते सांगणार आहे. पहिलं ऑस्ट्रेलियातलं आहे. दुसरं आपल्या पुण्या-मुंबईतलं आहे, म्हणून ते जास्त झोंबतं.

पहिल्या प्रकरणाचं मूळ एका जुन्या गेममध्ये आहे. सेगा या जपानी कंपनीने 1989 साली 'गोल्डन ॲक्स' आर्केडमध्ये आणला. त्याची रचना माकोटो उचिदा यांची. डेथ ॲडर नावाच्या जुलमी सत्ताधीशाने ज्यांची माणसं मारली असे तिघं सूड घ्यायला निघतात: तलवारीचा ॲक्स बॅटलर, जादूत वरचढ टायरिस फ्लेअर आणि कुऱ्हाड परजणारा बुटका गिलियस थंडरहेड. वरवर पाहिलं तर चालत राहायचं आणि समोर येईल त्याला झोडायचं, एवढाच खेळ. पण त्याची वीण बारीक आहे. टायरिस जादूच्या कुप्या सगळ्यांत जास्त वापरू शकते, गिलियस सगळ्यांत कमी. म्हणून गिलियस निवडणाऱ्याला हातघाईच्या लढाईवरच भिस्त ठेवावी लागते. शत्रूला त्याच्या जनावरावरून खाली पाडलं की ते जनावर आपलं. रात्रीच्या मुक्कामाला चोर येतात आणि लाथा घातल्या की त्यांच्या पोतडीतून कुप्या सांडतात. दोघं मिळून खेळताना आपला वार आपल्याच जोडीदाराला लागतो, त्यामुळे शत्रूइतकंच सोबत्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी केलेली ही रचना तीन दशकांनंतरही लोकांना आठवते, कारण तिच्यात अनावश्यक असं काही नाही.

असा गेम नव्याने बनवायचा म्हणजे जुनी चित्रं त्रिमितीत उतरवली की झालं, असं समजणाऱ्यांना या कामातलं काही कळत नाही. वार नेमका कोणत्या क्षणी बसतो, बसल्यावर शत्रू किती मागे हटतो, किती वेळ भांबावलेला राहतो, तेवढ्यात दुसऱ्याला गाठता येतं का, हे सगळं सेकंदाच्या अंशांत जुळवावं लागतं. ते जुळलं नाही तर हातातली कुऱ्हाड कापसाची वाटते. सेगाला हे ठाऊक असायला हवं होतं. 2008 मध्ये 'गोल्डन ॲक्स: बीस्ट रायडर' आला तेव्हा त्यात खेळायला एकटी टायरिस होती आणि दोघांनी मिळून खेळायची सोयच नव्हती. ज्या गेमचा जीव जोडीने खेळण्यात, त्यातली जोडीच काढून टाकली. लोकांनी तो नाकारला, ते योग्यच झालं.

त्यानंतर काही वर्षांनी पुन्हा प्रयत्न झाला, तो ब्रिस्बेनमध्ये. तिथला सेगाचा स्टुडिओ आधी क्रिएटिव्ह असेम्ब्ली ऑस्ट्रेलिया म्हणून ओळखला जायचा, पुढे त्याचं नाव सेगा स्टुडिओज ऑस्ट्रेलिया झालं. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकचा अधिकृत गेम आणि मिकी माऊसच्या 'कॅसल ऑफ इल्युजन'चा 2013 चा रिमेक ही त्याची कामं. म्हणजे जुन्या गोष्टीला नवं रूप देण्याची कुवत तिथल्या लोकांमध्ये होती, हे त्यांनी बाजारात उतरवलेल्या वस्तूने सिद्ध केलं. त्याच 2013 मध्ये स्टुडिओला टाळं लागलं. त्याआधी, 2012 मध्ये, तिथे गोल्डन ॲक्सच्या नव्या अवताराचा एक प्रोटोटाइप झाला होता. एक वीर, एक टप्पा, एवढाच. प्रकल्प पुढे गेला नाही. इथवर तक्रार करण्यासारखं काही नाही. असे नमुने बनतात आणि बाजूला ठेवले जातात, हा कामाचाच भाग आहे.

तक्रार सुरू होते ऑक्टोबर 2020 मध्ये. सेगाला 60 वर्षं झाली म्हणून कंपनीने काही छोटे गेम फुकट वाटायचं ठरवलं. त्यात हा नमुना 'गोल्डन ॲक्स्ड: अ कॅन्सल्ड प्रोटोटाइप' या नावाने एका दिवसापुरता स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात ठेवला. सोबतच्या वर्णनात कंपनीने स्वतःच लिहिलं की हा ओबडधोबड असेल, चुकांनी भरलेला असेल. तो कोणी केला, किती दिवसांत केला, कशासाठी केला, यातलं काहीही त्या वर्णनात नव्हतं. वाढदिवस कंपनीचा, टाळ्या कंपनीला, आणि हिणवणारी विशेषणं अशा लोकांच्या वाट्याला, ज्यांचा स्टुडिओ कंपनीनेच सात वर्षांपूर्वी बंद केला होता.

ज्यांनी हे काम केलं त्यांच्यातल्या एकाने, टिम डॉसन याने, तेव्हा जाहीरपणे तोंड उघडलं. हा नमुना दोन आठवड्यांच्या जीवघेण्या क्रंचमध्ये, म्हणजे रात्रंदिवस राबून, उभा केला होता, आणि आज तो कसलाही संदर्भ न देता, करणाऱ्यांचं नाव न घेता, खराब म्हणून लोकांसमोर ठेवला जातो आहे, हे त्याने स्पष्ट सांगितलं. बातमी सर्वत्र झाली. मग सेगाने वर्णन बदललं आणि इतक्या कमी वेळात काम करणाऱ्यांच्या मेहनतीची दखल घेणारी वाक्यं घातली. याचा अर्थ स्वच्छ आहे. ती वाक्यं लिहिणं पहिल्याच दिवशी शक्य होतं. माहिती कंपनीकडे होती, जागा होती, शब्द होते. फक्त गरज वाटली नव्हती. बोंब झाली तेव्हा वाटली.

दोन आठवडे म्हणजे काय, हे ज्यांनी कधी असं काम पाहिलेलं नाही त्यांनी समजून घ्यावं. एवढ्या वेळात एका पात्राचा सांगाडा हलता करायचा, त्याच्या हालचाली बसवायच्या, शत्रूंना वागणूक द्यायची, पार्श्वभूमी उभी करायची, आवाज जोडायचे आणि वरच्या साहेबांना खेळून दाखवता येईल इतकं ते स्थिर करायचं. नमुन्याचा हेतू एकच असतो: ही कल्पना हातात धरल्यावर कशी लागते ते कळावं. त्यात चुका असणारच, कारण चुका दुरुस्त करायला वेळ दिलेलाच नसतो. तो जनतेसाठी केलेला नसतो, बैठकीसाठी केलेला असतो. बैठकीसाठी केलेली वस्तू आठ वर्षांनी बाजारात मांडायची आणि वर तिचा खडबडीतपणा आपणच दाखवून द्यायचा, याला मी दिलदारपणा म्हणणार नाही. हा कारागिराचा अपमान आहे.

यावर जे प्रतिवाद होतात ते मला ठाऊक आहेत. पहिला: काम कंपनीच्या पगारावर झालं, म्हणजे ते कंपनीचं, तिने त्याचं काहीही करावं. दुसरा: फुकट दिलं, तर कुरकुर कसली? तिसरा: निदान लोकांना पाहायला तरी मिळालं, नाहीतर ते कुठल्या तरी सर्व्हरवर सडलं असतं.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून आधी तो घेतो. रद्द झालेलं काम लोकांना दिसावं, असंच माझंही मत आहे. गेमच्या इतिहासाची अवस्था दयनीय आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत असं आढळलं की 2010 पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या अभिजात गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. जे प्रसिद्ध झाले त्यांची ही गत, तर जे रद्द झाले त्यांची काय असेल! पण ज्याला खरोखर जतन करायचं असतं तो एका दिवसाने वस्तू उचलून घेत नाही. संग्रहालयात वस्तूखाली पाटी असते: कोणी केली, कधी केली, कोणत्या परिस्थितीत केली. इथे पाटी होती ती फक्त दोषांची. हे जतन नव्हे, ही जाहिरात झाली.

दुसरा मुद्दा उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. फुकट देणाऱ्याने स्वतःच्या खिशातलं द्यावं. इथे खर्ची पडली ती दुसऱ्याची अब्रू.

राहिला पहिला मुद्दा, मालकीचा. मालकी कंपनीची, हे कायद्याने खरं आहे. आपल्याकडेही नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण आपल्याच 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी कृतीचं कर्तेपण सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो, हे त्या कलमाचं सार. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढलं आणि त्याची नासधूस झाली. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला, उरलेले भाग परत करायला सांगितले आणि 5 लाख रुपये भरपाईही दिली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातही 2000 सालच्या दुरुस्तीपासून कर्त्याचे असे नैतिक हक्क मान्य आहेत.

याच कलम 57 चं स्पष्टीकरण तर माझ्या मुद्द्याचा गाभाच सांगून जातं. कृती प्रदर्शित केली नाही, एवढ्यावरून कर्त्याचा हक्क मोडला असं होत नाही. म्हणजे कायदा मालकाला सांगतो: दाखवायची नसेल तर नको दाखवू, तुझा अधिकार आहे, पण कर्त्याचं नाव आणि त्याची लाज यांच्याशी खेळू नकोस. गेमच्या नमुन्यांना हे कलम न्यायालयात कसं लागू होईल हा वकिलांचा प्रांत. त्यामागचा न्याय मात्र कुठल्याही शहाण्या माणसाला कळतो, आणि गेम कंपन्यांना तो कळून घ्यायचा नाही.

हा आडमुठेपणा आजचा नाही. 1970 च्या दशकात अटारी आपल्या प्रोग्रामरांची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेट याने 'ॲडव्हेंचर'मध्ये एक छुपी खोली बनवून तिथे स्वतःचं नाव लिहिलं, कारण उघडपणे लिहायला जागाच नव्हती. 1979 मध्ये अटारीतले चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. आपल्या कामावर आपलं नाव नाही, ही त्यांच्या मुख्य तक्रारींपैकी एक होती. जपानमध्ये कंपन्या आपली चांगली माणसं दुसऱ्याने पळवू नयेत म्हणून त्यांना टोपणनावांमागे लपवत. सेगाच्या 1991 च्या 'सॉनिक'च्या श्रेयनामावलीत त्याचा प्रोग्रामर युजी नाका खऱ्या नावाने दिसत नाही, 'वाय-यू-टू' असा दिसतो. नाव लपवण्याची ही सवय सेगाच्या हाडीमाशी खिळलेली आहे. 2020 मध्ये तिने फक्त नवा वेश घेतला.

आता घरच्या प्रकरणाकडे येतो.

1989 मध्येच जॉर्डन मेकनर याचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ॲपल टू या संगणकासाठी आला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण करायचं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली चौकटी-चौकटीने रेखाटायच्या, असं ते चिकाटीचं काम होतं. 2003 मध्ये यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने त्याला 'द सँड्स ऑफ टाइम'चं रूप दिलं. त्याची गोष्ट सुरू होते भारतातल्या एका महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने, आणि नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी. सप्टेंबर 2020 मध्ये या गेमचा रिमेक जाहीर झाला आणि त्याचं नेतृत्व यूबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं.

पुण्याचा स्टुडिओ यूबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला, मुंबईचा 2018 मध्ये उघडला. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या लोकांनी दुसऱ्यांच्या गेमची चाचणी केली, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चढवला, 'जस्ट डान्स'सारख्या मालिकांना हातभार लावला. आता एक मोठं नाव इथून घडणार होतं. म्हणून ती घोषणा आपल्यासाठी महत्त्वाची होती.

ट्रेलर आला आणि जगभरातून टीका सुरू झाली. चेहरे निर्जीव आहेत, प्रकाश सपाट आहे, काळाच्या मागे पडलेलं दिसतं. टीकेत तथ्य होतं. मलाही तो ट्रेलर पसंत पडला नव्हता. पण टीका वस्तूवर थांबली नाही. 'भारतीय स्टुडिओला दिलं की असंच होणार' इथपर्यंत ती गेली, आणि हे म्हणणाऱ्यांत आपले लोक कमी नव्हते. सातासमुद्रापलीकडच्या कुणी हिणवलं तर त्याला अज्ञान म्हणता येईल. पुण्यात राहून, पुण्यातल्या मुलांच्या कामावर थुंकणाऱ्यांना काय म्हणावं? ज्या शहरात घरटी एक इंजिनिअर आहे, तिथे या कामाला किती वेळ आणि पैसा लागतो हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही.

ते विचारलं असतं तर उत्तर समोरच होतं. रिमेकची किंमत 40 डॉलर ठेवली होती. त्या काळात मोठ्या नव्या गेमची किंमत 60 डॉलर असे. म्हणजे हा पहिल्या रांगेतला प्रकल्प नाही, हे कंपनीने स्वतःच किमतीतून सांगितलं होतं. घोषणा सप्टेंबर 2020 ची आणि विक्रीची तारीख 21 जानेवारी 2021. घोषणा आणि विक्री यांत जेमतेम चार महिने, आणि त्याआधी मार्च 2020 पासून सगळा देश टाळेबंदीत. किंमत मध्यम, तारीख घाईची, आणि तुलना मात्र शेकडो कोटींच्या गेमशी होणार हे उघड दिसत असताना कंपनीने तो ट्रेलर जगासमोर ठेवला. हा निर्णय पुण्यातल्या ॲनिमेटरचा नव्हता. मुंबईतल्या लायटिंग आर्टिस्टचा नव्हता. ज्यांचा होता त्यांनी या कारागिरांच्या बाजूने ताठ उभं राहायला हवं होतं.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. तारीख मार्च 2021 वर गेली. फेब्रुवारी 2021 मध्ये ती अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली. मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपवलं. पुणे-मुंबईच्या कामावर पुढची उभारणी होईल, असं एक शिष्ट वाक्य कंपनीने म्हटलं आणि विषय संपवला. जगाने त्यातून एकच अर्थ काढला: भारतीयांना जमलं नाही, आता खरे लोक करतील. कंपनीने तो अर्थ खोडून काढला नाही. खोडून काढणं तिच्या सोयीचं नव्हतं.

मग 'खऱ्या लोकांनी' काय केलं? 2003 चा मूळ गेम ज्या स्टुडिओने घडवला, जो जगातल्या सर्वांत मोठ्या गेम स्टुडिओंपैकी एक आहे, त्याच्याकडे साडेतीन वर्षांहून अधिक काळ हा प्रकल्प होता. जून 2024 मध्ये छोटी झलक दाखवून 2026 चा वायदा केला. आणि 21 जानेवारी 2026 रोजी, मूळ तारखेला बरोबर पाच वर्षं होत असताना, यूबिसॉफ्टने मोठ्या फेररचनेत सहा गेम रद्द केले, त्यांत हाही होता. कारण असं दिलं की हव्या त्या दर्जापर्यंत पोचता आलं नाही आणि पुढे जायला लागणारा वेळ आणि पैसा कंपनीला झेपणारा नाही.

वेळ आणि पैसा! पाच वर्षांनंतर का होईना, कंपनीच्या तोंडून सत्य बाहेर पडलं. हेच वाक्य 2020 मध्ये उच्चारलं असतं तर पुण्या-मुंबईतल्या त्या तरुणांच्या वाट्याला जी हेटाळणी आली ती आली नसती. 'आम्ही या गेमला पुरेसा वेळ आणि पैसा दिला नव्हता, ट्रेलर घाईने दाखवला, ही आमची चूक आहे' एवढं म्हणायला कुणाच्या खिशातून काही जाणार नव्हतं. मॉन्ट्रियलमधून रद्द झाला तेव्हा अडचण वेळेची आणि पैशाची ठरते, आणि पुण्यातून निसटला तेव्हा ती पुणेकरांच्या कुवतीची ठरते. या दुहेरी न्यायाला मी वंशद्वेष म्हणतो, आणि तो शब्द मागे घेणार नाही.

मॉन्ट्रियलच्या कारागिरांवरही मी बोट ठेवणार नाही. त्यांचीही वर्षं त्या गेममध्ये गेली. त्यांनाही तो पूर्ण करायचा असणार. ज्या मापाने मी पुण्याचं माप घेतो त्याच मापाने त्यांचंही घेतलं पाहिजे: त्यांना काय दिलं होतं आणि त्यांच्याकडून काय मागितलं होतं, हे कळल्याशिवाय त्यांच्या कामाचा निवाडा करण्याचा हक्क मला नाही, आणि कुणालाच नाही.

रद्द झालेल्या कामाची आणखी एक किंमत असते आणि तिची चर्चा कधीच होत नाही. प्रसिद्ध न झालेलं काम गोपनीयतेच्या करारात अडकतं. तीन वर्षं एका महालाच्या भिंती, कमानी, जाळ्या घडवणाऱ्या आर्टिस्टला दुसरीकडे नोकरी मागताना त्यातलं एक चित्रही दाखवता येत नाही. श्रेयनामावली नाही, कारण गेमच नाही. माणूस पंचविशीत असेल तर त्याच्या कामाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा कोरा दिसतो. आणि हाच माणूस ज्या एका गोष्टीसाठी ओळखला जातो ती म्हणजे सगळ्या जगाने हसून घेतलेला ट्रेलर. कंपनीचं नुकसान ताळेबंदात लिहिलं जातं आणि पुढच्या वर्षी भरून निघतं. याचं नुकसान कुठेच लिहिलं जात नाही.

ब्रिस्बेनच्या लोकांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण कुवतीचा प्रश्न तिथे कायमचा निकालात निघाला. टिम डॉसन आणि त्याच स्टुडिओतला सनातन मिश्रा यांनी तिथून बाहेर पडल्यावर इतरांसोबत विच बीम हा छोटा स्टुडिओ उभा केला. 2015 मध्ये 'असॉल्ट अँड्रॉइड कॅक्टस' आणला, 2021 मध्ये 'अनपॅकिंग'. एका व्यक्तीच्या आयुष्यातल्या आठ घरबदलांमधून, खोक्यांतून सामान काढून लावता लावता तिची सगळी गोष्ट कळत जाते, असा तो शांत, बुद्धिमान गेम. ब्रिटनमधल्या 2022 च्या बाफ्टा गेम पुरस्कारांत कथनाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि लोकांच्या मतांवर दिला जाणारा वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कारही. ज्यांच्या कामाला सेगाने ओबडधोबड म्हणून फेकलं, त्यांना पुरेसा वेळ आणि स्वतःचं नाव मिळालं तेव्हा त्यांनी हे केलं.

पण मान मिळायला बाफ्टा लागू नये. डॉसनकडे स्वतःचा स्टुडिओ होता, नाव होतं, म्हणून तो बोलला आणि कंपनीला वर्णन बदलावं लागलं. हडपसरहून किंवा मालाडहून रोज कामावर जाणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टकडे यातलं काही नसतं. त्याची नोकरी चालू असते, घराचा हप्ता असतो, करारावर सही असते. त्याने बोलावं अशी अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. त्याच्या वतीने आपण बोललं पाहिजे.

आणि सरकारनेही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग या क्षेत्रासाठी 3,268 कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. चांगली गोष्ट आहे, स्वागत आहे. पण त्याची चर्चा गुंतवणूक किती आणि नोकऱ्या किती, एवढ्याभोवतीच फिरली. मला तिसरी गोष्ट हवी आहे. राज्याच्या तिजोरीतून ज्या कंपनीला सवलत मिळेल तिने प्रत्येक प्रकल्पाची, तो प्रसिद्ध होवो वा रद्द, श्रेयनामावली तयार करून काम करणाऱ्याच्या हाती दिलीच पाहिजे. प्रकल्प रद्द झाला तर ठरावीक मुदतीनंतर त्यातलं आपलं काम दाखवण्याची मुभा कारागिराला मिळालीच पाहिजे. लोकांचा पैसा घ्यायचा असेल तर लोकांच्या मुलांचं नाव लपवता येणार नाही, अशी साधी अट. ती मान्य नसेल त्या कंपनीने सवलतही मागू नये.

गेमवर लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या मराठी मंडळींकडेही माझी मागणी आहे. वस्तू वाईट असेल तर वाईट म्हणा, जरूर म्हणा. पण स्टुडिओच्या पत्त्यावरून निकाल देणं बंद करा. ट्रेलरची खिल्ली उडवायच्या आधी किंमत पाहा, तारीख पाहा, आणि त्या तारखेवर सही कुणाची होती ते विचारा. खेळाडूचा राग रास्त असतो, त्याने पैसे मोजलेले असतात. तो राग योग्य दारावर जाऊ द्या.

सेगाने गोल्डन ॲक्स पुन्हा आणण्याची घोषणा डिसेंबर 2023 मध्ये केलेली आहे. आर्केडच्या जमान्यातली आणखी किती तरी नावं धूळ झटकून बाहेर काढली जातील, कारण जुन्या आठवणींवर पैसा मिळतो हे सगळ्यांना कळलं आहे. त्यातली काही पूर्ण होतील, काही रद्द होतील. रद्द करणाऱ्याने खुशाल करावीत. फक्त त्या दिवशी तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावीत: हे कोणी ठरवलं, काम करणाऱ्यांना किती वेळ आणि पैसा दिला होता, आणि काम कोणी केलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापावं.